पत्ता नसलेली माणसे

तालुक्याच्या बाजारपेठेत रात्री नऊच्या सुमारास दुकानांची शटर एकामागून एक खाली येतात. गल्ला मोजून होतो, कुलपे लागतात, मालक घराकडे वळतो आणि दिवसभर गिऱ्हाइकांनी गजबजलेली दुकानाची पायरी मोकळी होते. ती फार वेळ मोकळी राहत नाही. थोड्या वेळाने तिथे एखादे गाठोडे येऊन टेकते. कधी ते एकट्या म्हाताऱ्याचे असते, कधी दोन लेकरे घेऊन आलेल्या बाईचे, कधी स्वतःशीच पुटपुटणाऱ्या, केस-दाढी वाढलेल्या एखाद्या तरुणाचे. पहाटे बाजार झाडला जाण्यापूर्वी ते गाठोडे उचललेले असते. त्यामुळे ज्याच्या पायरीवर ही माणसे रात्र काढतात, त्याची आणि त्यांची गाठ बहुधा पडतच नाही.

बाजारपेठ संपून रस्ता शेतांकडे वळतो, तिथे गावकुसाबाहेर आणखी एक वस्ती दिसते. काठ्यांवर ताणलेली फाटकी कापडे, जुन्या जाहिरातींचे फलक, प्लास्टिकचे तुकडे. एका बाजूला तीन दगडांची चूल, दुसऱ्या बाजूला बांधलेले गाढव किंवा कोंबड्यांचे खुराडे. ही पाले. चार-सहा दिवसांनी, फार तर महिन्याने, ती तिथून उठतात आणि दुसऱ्या गावाच्या शिवारात उभी राहतात. गावाला ती सवयीची झालेली असतात. पण गावाच्या एकाही नोंदवहीत त्यांचे नाव नसते.

बेघर म्हटले की डोळ्यांसमोर मुंबईचा पदपथ किंवा उड्डाणपुलाखालचा संसार येतो. खेड्यात कोणी बेघर असेल, हे चटकन पटत नाही. गावात प्रत्येकाचे काही ना काही घर असतेच, असा समज असतो. आकडे मात्र निराळे सांगतात.

एका रात्रीची मोजणी

२०११ च्या जनगणनेत घर नसलेल्या लोकांची गणती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. रस्त्याच्या कडेला, पदपथावर, मोठ्या सिमेंटच्या नळ्यांत, जिन्याखाली, देवळांच्या मंडपांत, रेल्वेच्या फलाटांवर त्या रात्री जे आढळले, त्यांची नोंद झाली. देशभरात ही संख्या सुमारे १७ लाख ७३ हजार भरली. त्यांपैकी सुमारे ९ लाख ३८ हजार शहरांतले होते आणि सुमारे ८ लाख ३४ हजार ग्रामीण भागातले. म्हणजे देशातल्या बेघरांपैकी जवळजवळ निम्मे खेड्यांत होते. एकट्या महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक लोक त्या रात्री छपराविना होते.

एका रात्रीची ही मोजणी. शिवारात विखुरलेली सगळी पाले, वीटभट्टीच्या कडेची सगळी खोपटी, सगळ्या बाजारांच्या पायऱ्या त्या एका रात्रीत गणकाच्या नजरेस पडणे किती अवघड, हे गावाची ओळख असलेल्या कोणालाही समजू शकते.

शहरातल्या बेघरांसाठी काही व्यवस्था उभी राहिली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रनिवाऱ्यांबाबत आदेश दिले. मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा, ही अपेक्षा त्यांतून रुजली. २०१३ पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवाऱ्यांची स्वतंत्र योजना आली. या योजनेच्या नावातच ‘शहरी’ हा शब्द आहे. गावासाठी असा रात्रनिवारा नाही. गावाच्या वाट्याला आले ते घरकुल.

घरकुल ही निवाऱ्यापेक्षा मोठी गोष्ट आहे, यात शंका नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात किमान २५ चौरस मीटरच्या पक्क्या घरासाठी सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरले. २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय सर्वेक्षणात निवारा नसलेली म्हणून नोंदली गेलेली आणि भिक्षेवर जगणारी निराधार कुटुंबे तर यादीत आपोआप समाविष्ट व्हावीत, असा नियम आहे. कागदावर बेघराचा हक्क सर्वांत आधीचा आहे. तरीही तो सर्वांत शेवटी राहतो, आणि त्याचे कारण पैशाच्या तुटवड्यापेक्षा खोल आहे. निवाऱ्याच्या दारात उभे राहायला फक्त माणूस लागतो. घरकुलासाठी जमीन लागते, कागद लागतो आणि त्या कागदावर पत्ता लागतो.

कागदांची साखळी

रहिवासी दाखला हवा असेल, तर गावात वास्तव्य असल्याचा पुरावा लागतो. शिधापत्रिकेसाठी रहिवासाचा पुरावा लागतो. जातीच्या दाखल्यासाठी शाळेतल्या नोंदी, वाडवडिलांची कागदपत्रे लागतात. घरकुलाच्या यादीत नाव येण्यासाठी ग्रामसभेने त्या कुटुंबाला आपले मानावे लागते. आणि या सर्वांच्या आधी प्रत्येक अर्जाच्या पहिल्याच ओळींत एक रकाना असतो: ‘पत्ता’. पालात राहणारी बाई तिथे काय लिहिणार?

भटक्या आणि विमुक्त समाजांच्या बाबतीत ही साखळी अधिकच आवळली जाते. महाराष्ट्रात १४ विमुक्त जाती आणि २८ भटक्या जमाती अशी मूळ यादी आहे. त्यांना जातीचा दाखला मिळण्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ हा दिनांक ग्राह्य धरला जातो. त्या दिवसापूर्वी अर्जदाराचे पूर्वज कोठे राहत होते, याचा पुरावा विचारला जातो. स्थिर कुटुंबाला आजोबांच्या शाळेचा दाखला, सातबारा, एखादे खरेदीखत सापडते. ज्याचे आजोबा जन्मभर नंदीबैल घेऊन चार जिल्हे फिरले, जे कधी शाळेत गेले नाहीत, ज्यांचा जन्म एका शिवारात आणि मृत्यू दुसऱ्या शिवारात झाला, त्याने १९६१ पूर्वीचे गाव कोणते सांगावे? भटका आहे म्हणून त्याला सवलत आहे, आणि भटका होता म्हणूनच ती सिद्ध करता येत नाही.

राज्याने काही वाटा काढल्या आहेत. २०११ च्या अखेरीस आलेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेत भटक्या-विमुक्त कुटुंबांना प्रत्येकी ५ गुंठे जागा, त्यावर २६९ चौरस फुटांचे घर आणि अशा २० कुटुंबांची मिळून रस्ता, पाणी, वीज असलेली वसाहत, अशी कल्पना मांडली गेली. घरकुल मंजूर झाले पण जागा नाही, अशा कुटुंबांना जागा विकत घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने अर्थसाहाय्याची योजना आहे. त्यातील रक्कम सुरुवातीला ५० हजार होती, पुढे ती एक लाखापर्यंत वाढली. या योजना चांगल्या आहेत. पण वसाहतीसाठी जागा शोधावी लागते, गायरान देण्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालानंतर मर्यादा आल्या आहेत, आणि गावाबाहेर ‘त्या लोकांची’ वसाहत होणार म्हटल्यावर अनेक ठिकाणी गावच आडवे येते. त्यामुळे योजना फलकावर राहते आणि पाल शिवारात.

शिक्का आणि संशय

गाव आडवे का येते, याचे उत्तर इतिहासात आहे. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत वाढवली. काही जमातींत जन्मलेले प्रत्येक मूल जन्मतःच गुन्हेगार ठरवले गेले. त्यांनी पोलिसांकडे हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचे नाही, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत राहायचे. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला. म्हणून तो दिवस ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळला जातो. कायदा गेला, तरी लोकांच्या मनातला शिक्का पुसला गेला नाही. आजही बाजारात चोरी झाली की पहिली नजर पालांकडे वळते. लक्ष्मण माने यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनाला ‘उपरा’ हे नाव दिले, त्या एका शब्दात या समाजांची सारी स्थिती सामावली आहे. पुढच्याच वर्षी त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, घराघरांत ते वाचले गेले. पण गावोगावचे उपरे उपरेच राहिले.

या उपरेपणाची किंमत किती मोठी असू शकते, हे १ जुलै २०१८ रोजी महाराष्ट्राने पाहिले. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत आले होते. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा मोबाइलवरून पसरलेली होती. जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी आले होते. बाजार भरलेला होता, शेकडो माणसे होती. ‘यांना मी ओळखतो’ असे म्हणणारे त्या गर्दीत कोणी नव्हते.

पत्ता नसणे म्हणजे केवळ टपाल न मिळणे नव्हे, हे त्या दिवशी दिसून आले. ज्याला पत्ता नाही, त्याला साक्षीदार नाही.

दारापर्यंत जाणारे

म्हणून खेड्यातल्या बेघरांसाठी कामाची सुरुवात कार्यालयात बसून होत नाही. ज्याला अर्ज करता येत नाही, त्याच्याकडे अर्जच चालत जावा लागतो. भटक्या-विमुक्तांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी गेल्या काही दशकांत ही रीत घडवली आहे. पालांवर जायचे, तेही दिवसा नव्हे. दिवसा माणसे कामाला किंवा मागायला गेलेली असतात. संध्याकाळी चुली पेटल्यावर जायचे. पहिल्या भेटीत वही काढायची नाही, कारण वही घेऊन येणारा माणूस म्हणजे पोलीस किंवा पाले उठवायला आलेला, असाच अनुभव असतो. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत नावे कळतात. मग कोणत्या महिन्यात कोणते गाव, कोणत्या यात्रेला सगळे नातेवाईक जमतात, कोणत्या गावात मृतांना पुरले आहे, हे उलगडत जाते. भटके जीवन बाहेरून दिशाहीन दिसते, पण त्यालाही ठरलेली वाट असते, आणि त्या वाटेवर एक-दोन गावे अशी असतात जिथे कुटुंब दरवर्षी परतते. त्या गावात पत्ता उभा करता येतो.

पहिला कागद बहुधा मुलाच्या शाळेतून मिळतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. मूल शाळेत बसले की शाळेच्या नोंदवहीत त्याचे नाव, वडिलांचे नाव, जात आणि जन्मतारीख लिहिली जाते. अनेक कुटुंबांच्या कित्येक पिढ्यांतली ती पहिली लेखी नोंद असते. तुळजापूरजवळच्या यमगरवाडीत नव्वदच्या दशकात पारधी आणि अन्य भटक्या समाजांच्या मुलांसाठी निवासी शाळा उभी राहिली, तेव्हा मुले टिकतील का, हाच पहिला प्रश्न होता. मुले टिकली, आणि त्यांच्या मागोमाग आई-वडिलांचेही पाय एका जागी स्थिरावू लागले. या कामाचे एक आधारस्तंभ गिरीश प्रभुणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

दुसरा कागद ओळखीचा. आधारपत्रावरील पत्त्यासाठी अन्य पुरावा नसल्यास ग्रामपंचायतीने विहित नमुन्यात दिलेला दाखला चालतो. पण सरपंचाने तो द्यायचा, तर त्याला कोणीतरी खात्री द्यावी लागते. कार्यकर्ता सरपंचाकडे एकदा जाऊन काम होत नाही. पाच-सहा खेपा होतात. मग शिधापत्रिका, मग बँकेतले खाते, मग ग्रामसभेच्या यादीत नाव. एका कुटुंबाची ही साखळी पूर्ण व्हायला एखादे वर्ष सहज जाते. मध्येच पाल उठले, तर पुन्हा शोध घ्यावा लागतो.

या साऱ्या किचकट वाटेत निवडणूक आयोगाचा एक नियम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. बेघर माणसाला मतदार यादीत नाव नोंदवायचे असेल, तर त्याने ‘नमुना ६’ मध्ये आपण जिथे झोपतो ते ठिकाण पत्ता म्हणून लिहायचे. मग मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री त्या ठिकाणी जाऊन तो खरोखर तिथे झोपतो का, हे पाहायचे. तेही एकाहून अधिक रात्री. खात्री पटली, तर दुसऱ्या कोणत्याही लेखी पुराव्याची आवश्यकता नाही. दुकानाची पायरी, देवळाचा मंडप, बसस्थानकाचा कोपरा हासुद्धा पत्ता होऊ शकतो. अट एवढीच की कोणीतरी रात्री तिथवर चालत जायला हवे आणि ‘होय, हा माणूस इथे राहतो’ असे लिहून द्यायला हवे. खेड्यातल्या बेघरांसाठी करायच्या कामाचे सार या एका नियमात आले आहे.

हरवलेला पत्ता

पालातल्या कुटुंबाला पत्ता कधी मिळालाच नाही. पायरीवर पुटपुटत बसलेल्या त्या तरुणाची गोष्ट वेगळी असते. त्याला घर असते, आई-वडील असतात, कदाचित बायको-मुलेही असतात. मनाच्या आजारात तो घरातून निघालेला असतो आणि परतीची वाट त्याच्या स्मरणातून पुसली गेलेली असते. रेल्वेने, मालमोटारीने, पायी तो कुठून कुठे येतो. त्याची भाषा गावाला कळत नाही. गाव त्याला ‘वेडा’ म्हणते, कोणी भाकरी देते, पोरे दगड मारतात, आणि तो त्या बाजारपेठेचा एक भाग होऊन जातो.

मुंबईतील मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवाणी आणि डॉ. स्मिता वाटवाणी यांना एकदा असाच एक तरुण नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिताना दिसला. त्यांनी त्याला उपचारांसाठी नेले. तो बरा होऊ लागल्यावर कळले की तो पदवीधर आहे आणि त्याचे वडील आंध्र प्रदेशात जिल्हा परिषदेत अधिकारी आहेत. अशा माणसांसाठी १९८८ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या ‘श्रद्धा’ या संस्थेने २००६ मध्ये कर्जतजवळ मोठे केंद्र उभे केले. २०१८ मध्ये डॉ. वाटवाणी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर संस्थेने सात हजारांहून अधिक जणांना उपचार करून त्यांच्या घरी पोहोचवले होते.

त्या कामातला अर्धा भाग औषधांचा आहे. उरलेला पत्ता शोधण्याचा. उपचारांनी मन थोडे निवळले की माणूस एखादा शब्द बोलतो: गावाजवळच्या नदीचे नाव, आठवडी बाजाराचे गाव, शाळेतले गुरुजी, स्टेशनवरून दिसणारा डोंगर. त्याची भाषा जाणणारा कार्यकर्ता त्या धाग्याला धरून जिल्हा आणि तालुका शोधतो, मग त्याला सोबत घेऊन गाडीने निघतो. गावाच्या वेशीवर कोणीतरी त्याला ओळखते. ज्याला मेला समजून घरच्यांनी आशा सोडलेली असते, तो उंबऱ्यात उभा राहतो. कार्यकर्त्याचे काम तिथे संपत नाही. आजार काय आहे, औषध थांबवले तर काय होईल, हे घरच्यांना आणि शेजाऱ्यांना समजावून सांगावे लागते. ते झाले नाही, तर काही महिन्यांनी तोच माणूस पुन्हा कुठल्यातरी पायरीवर दिसतो.

स्त्रियांची अवस्था याहून बिकट. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्ण स्त्रीवर अत्याचार होणे हे अपवादाचे नाही. अहिल्यानगरजवळ शिंगवे येथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी रस्त्यावरच्या निराधारांना घरून डबे पोहोचवण्यापासून सुरुवात केली. डबा पोहोचवून परतताना त्या बायका रात्री कुठे जातील, हा प्रश्न सुटेना. त्यातून ‘माउली’ हे त्यांचे घर उभे राहिले. तिथे शेकडो स्त्रिया आणि त्यांची मुले राहतात.

कायदाही या माणसांच्या बाजूने आहे, हे फारसे ठाऊक नसते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०० प्रमाणे आपल्या हद्दीत भटकणाऱ्या, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणात घेणे हे पोलीस ठाण्याचे कर्तव्य आहे. त्याला चोवीस तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यायचे, आणि तो बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीचा गुन्हा नोंदवून त्याच्या कुटुंबाचा शोध घ्यायचा. त्याला कोठडीत डांबता येत नाही. मार्गदर्शनासाठी ‘टेली-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. पण पोलीस ठाण्यात जाऊन ‘आमच्या दुकानासमोर अमुक एक माणूस महिनाभर बसतो आहे, त्याला मदत हवी आहे’ असे सांगणारा नागरिक असावा लागतो. बहुतेक वेळा तक्रार येते ती ‘त्याला इथून हलवा’ अशी. मग तो या बाजारातून उचलून पुढच्या बाजारात सोडला जातो.

पेढीवरची साक्ष

तालुक्याच्या गावात या माणसांना सर्वांत जवळून कोण पाहते? ग्रामसेवकाकडे चार गावे असतात, तहसीलदाराची बदली होते. व्यापारी मात्र तीन-तीन पिढ्या त्याच जागी बसलेला असतो. घिसाडी आपले लोखंड हार्डवेअरच्या दुकानातून नेतो. सुया, पोत, फण्या विकत गावोगाव फिरणारी बाई तिचा माल कटलरीच्या दुकानातून घेते. नंदीबैलवाला बैलाच्या झुलीचे कापड, आरसे, घुंगरू ठरलेल्या दुकानातूनच घेतो. पाच-पंचवीस वर्षांची ही देवघेव असते. ‘याचा बापही आमच्याकडेच यायचा’ हे वाक्य गल्ल्यावर सहज उच्चारले जाते. ते वाक्य म्हणजे पुरावा आहे, हे मात्र बोलणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

जातीच्या दाखल्यासाठी असो वा रहिवासासाठी, कागद अपुरे पडले की अधिकारी स्थानिक चौकशी करतो. पंचनामा होतो, परिसरातल्या प्रतिष्ठितांचे जबाब घेतले जातात. अशा वेळी पालातल्या माणसाला पंच मिळत नाहीत. गावात पत असलेल्या, नाव असलेल्या कोणी सही करावी, तर तो ‘उगाच भानगड नको’ म्हणून मागे सरतो. ही भीती अगदीच निराधार नसते. खोट्या जबाबाचे परिणाम असतात. जे ठाऊक नाही, त्यावर सही करू नये, हे योग्यच. पण जे ठाऊक आहे, तेवढे सांगायला काय हरकत असावी? ‘हे कुटुंब गेली पंधरा वर्षे दर पावसाळ्यात इथे येते, आमच्या दुकानातून माल नेते, उधारी फेडते’ एवढेच सत्य लिहून दिले, तरी एखाद्या घराची अडलेली साखळी पुढे सरकते. जुन्या उधारीच्या वहीत त्या माणसाचे नाव असेल, तर जबाब देणाऱ्याला वर्षाचीही खात्री पटते.

पायरीवर झोपणाऱ्यांविषयी दुकानदाराच्या तक्रारी असतात, आणि त्याही खऱ्या असतात. सकाळी पायरी घाण असते, कधी दारूच्या बाटल्या सापडतात, चोरीची धास्ती असते. म्हणून पायऱ्यांवर लोखंडी जाळ्या बसतात, टोकदार सळया रोवल्या जातात. त्याने दुकान सुरक्षित राहते. माणूस मात्र शेजारच्या पायरीवर सरकतो. बाजारपेठेतल्या दहा दुकानदारांनी मिळून एक शेड, एक नळ आणि एक शौचालय यांची सोय केली आणि तिथे येणाऱ्यांची नावे लिहून ठेवण्याची जबाबदारी एखाद्यावर सोपवली, तर पायरीही स्वच्छ राहते आणि त्या माणसांचीही नोंद होते. पूर्वी यात्रेच्या आणि बाजाराच्या गावांत धर्मशाळा बांधणारे दातेही व्यापारीच असत. आज अनेक धर्मशाळांत खोली घेताना ओळखपत्र मागितले जाते, आणि सुरक्षेच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. पण ज्यांच्यासाठी मूळ धर्मशाळा होती, तो वाटसरू त्यामुळे बाहेर राहिला, हेही खरे आहे.

थंडीत ब्लँकेट वाटणे ही चांगली गोष्ट आहे. थंडीची एक रात्र त्याने निभावते. अनेक कुटुंबे दरवर्षी श्रद्धेने ते करतात, आणि ते थांबू नये. मात्र ब्लँकेट देताना दोन मिनिटे थांबून नाव, गाव आणि अडचण विचारली आणि ती वहीत टिपली, तर पुढच्या वर्षी त्याच माणसाला पुन्हा ब्लँकेट देण्याची वेळ कदाचित येणार नाही. कोणाला दाखला हवा असतो, कोणाला दवाखाना, कोणाच्या मुलाला शाळा. जिल्ह्यात काम करणाऱ्या एखाद्या संस्थेच्या कार्यकर्त्याला तो टिपलेला कागद दिला, तरी त्याच्या कित्येक खेपा वाचतात. त्या कार्यकर्त्याच्या प्रवासखर्चाला मदत करणे हेही दानच. बांधकामाच्या देणगीला पाटी लागते, बसच्या तिकिटांना लागत नाही, एवढाच फरक.

आठवडी बाजार महाराष्ट्रात अजून जोमाने भरतो. त्या दिवशी पेढीसमोरून डवरी गोसावी जातो, वैदू जातो, सुया-पोत विकणारी बाई जाते, आणि कोपऱ्यावर तो पुटपुटणारा तरुण बसलेला असतो. त्यांतल्या एकाचे तरी नाव बाजाराला ठाऊक असेल, तर अफवेच्या दिवशी ‘हा आमच्या ओळखीचा आहे’ असे म्हणणारा एक आवाज तिथे असेल. चौकशीच्या दिवशी पंचनाम्यावर एक सही असेल. आणि अर्जातला तो पहिला रकाना भरताना पालातल्या बाईला लिहिता येईल: अमक्या पेठेतल्या, अमक्या दुकानाजवळ.